कचऱ्याच्या कोपऱ्यातला आरसा

शुक्रवार, संध्याकाळ

आमच्या मरोळच्या गल्लीतल्या या कोपऱ्यावरून आम्ही नाक दाबून पळायचो. सगळ्यांनी मिळून कचरा उपसला, भिंत रंगवली, तरी लोक थुंकतच होते. देवांच्या टाइल्स लावायचं ठरलं, तर कोणते देव यावरून जुंपली. शेवटी शेजारच्या कांबळेकाकूंनी जुन्या कपाटाचा आरसा काढून तिथे ठोकला.

"काकू, दोन दिवसांत फुटेल," मी म्हटलं.

"स्वतःच्या थोबाडावर कोण थुंकणार गं?"

आरसा अजून शाबूत! फुटेलच अशी खात्री मला का होती, कोण जाणे. आज कामावरून येताना त्याच आरशात केस नीट करत होते, तर मागून काकूच ओरडल्या, "झालं असेल तर सरक ना, रांग लागलीय!"