चर्र वाजणारा चीला

होई आन, व्हिएतनाम
५ फेब्रुवारी २०२५

करिष्माचे बाबा यांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

मी सुखरूप पोहोचली. विमानात भेव वाटलं नाई, तुमीच उगाच भेऊन राहिले होते. फोन कावून केला नाई म्हणून रागावू नका. फोनवर तुमाले माझं एक अक्षर समजत नाई, कानाचं मशीन तुमी कपाटात ठेवता, अन् मंग दोघंही हॅलो हॅलो करत बसतो. म्हणून ठरवलं, कागदावर लिहीन अन् त्याचा फोटो तुमच्या मोबाईलवर टाकीन. तुमीबी तसंच करजा. लग्न ठरल्यावर तुमी भिलाईवरून मले उमरेडले पत्रं टाकत होते, त्याच्यानंतर आत्ताच आपल्यावर ही पाळी आली.

करिष्माची खोली नदीच्या काठावर आहे, खाली शिंप्याचं दुकान. समोरच्या साऱ्या भिंती हळदीच्या रंगाच्या, त्याच्यावर बोगनवेल लोंबते. सकाळी नदीवरून धुकं उठते अन् त्या धुक्यातून सायकली निघतात, बाया टोकदार टोप्या घालून. जरा पुढं गेल्या की पुन्हा धुक्यातच जातात. मी खिडकीत बसून पाहत राहते अन् मले वाटते, मी अजून झोपेतून उठलीच नाई.

पोट्टी बारीक झाली, पण चेहरा शांत आहे. शाळेतली लेकरं रस्त्यात दिसली की तिच्या पायाले बिलगतात. तीन वर्षांत तिची भाषाबी इथली झाली, नाकातून गाणं म्हटल्यासारखी.

शनिवारी ती मले बाजार दाखवायले अन् मंग स्वयंपाकाच्या क्लासले नेणार आहे. मी हासली. म्हटलं, जलमभर चूल फुंकली, आता मले कोण शिकवते? तर म्हणे, आई, तू साऱ्यायले करून खाऊ घातलं, तुले कोणी हाताले धरून काही शिकवलं का? मंग मी हो म्हटलं.

शेजारच्या रमाबाईले तुमच्याकडे लक्ष ठेवायले सांगून आली आहे. भाजी मागायले लाजू नका. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवला तर माझी ना नाई.

तुमची
पंचफुला


वैशाली नगर, भिलाई
६ फेब्रुवारी २०२५

पंचफुलास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र बोटानं मोठं करून करून वाचलं. अक्षर अजूनही तसंच आहे, उताराले लागल्यासारखं.

माझं विचारशील तर काल डाळीचा कोळसा झाला. कुकरच्या शिट्ट्या मले ऐकू येत नाई हे मी विसरलो अन् कुकर काही विसरला नाई. रमाबाई भिंतीवरून ओरडून राहिली होती म्हणे. मले वास आला तेव्हा समजलं. आज केवलरामच्या स्कूटरवर बसून सिविक सेंटरले गेलो अन् इडली खाऊन आलो. केवलराम रस्ताभर बोलत होता. मी मान हलवत होतो.

संध्याकाळी गच्चीवर बसतो. प्लांटकडे भट्टीतला तापलेला स्लॅग ओतला की आभाळ लाल होते, मंग हळूहळू विझून राखेच्या रंगावर येते. तू असली की समोर बसून काहीतरी बोलत असते. ऐकू येत नाई, पण ओठ हालून राहिले एवढं दिसते, तेवढ्यानं घर भरते. आता सारं घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटते. भांडंबी पडलं तर तरंगत पडते.

त्या पोट्टीबद्दल मले काही विचारायचं नाई. फक्त एवढं लिहिजो की खोलीले आतून कडी आहे का, अन् पाणी उकळून पेते का. रेल्वेची पक्की नोकरी होती तिची. माझ्या बापानं विटा वाहून मले शिकवलं, मी हिले शिकवलं, अन् ही परमुलखातल्या लेकरायले एबीसीडी शिकवायले गेली. गेली तर गेली. पण मले एका शब्दानं विचारलं का? बाप म्हणजे काय दारातला उंबरठा आहे, ओलांडून जायले? विचारलं असतं तर इतकं लागलं नसतं. हे आपल्या दोघातच ठेवजो.

थंडी कमी झाली. अंगणातल्या आंब्याले बार आला आहे. जीव लावून आहेसच, तो असाच असू दे.

भय्याजी


होई आन
९ फेब्रुवारी २०२५

करिष्माचे बाबा यांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

खोलीले आतून दोन कड्या आहेत अन् पाणी उकळूनच पेते. आता निवांत बसून वाचा, आज पत्र लांब होणार आहे.

काल पहाटेच बाजारात गेलो. क्लासच्या मास्तरीण बाईचं नाव लान. माझ्या करिष्मापेक्षा थोडी मोठी असंल. लान म्हणजे फूल म्हणे. मी करिष्माकडून सांगतलं की तू एक फूल, मी पाच फुलं, तर ती इतकी हासली की तिची टोपी पडली. मले ती बाक म्हणते, म्हणजे मोठी आई. अन् बाजारभर तिनं खरंच माझा हात सोडला नाई.

आपल्या सुपेल्याच्या इतवारी बाजारावानीच बाया खाली बसून भाजी विकतात. पण हा बाजार मोठ्यानं बोलत नाई, गुणगुणते. पानंच पानं. हिरवी, जांभळी, काटेरी कडेची. लान एकेक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरे. एकाले तुळशीचा वास, एकाले लिंबाचा, अन् एक पान असं की हुबेहूब कच्च्या मासळीचा वास. मी डोळे मिटले की नदीच आली जवळ असं वाटे. केळफूल पाहून मात्र मले माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. लाननं विचारलं, तुमी कसं करता? मी भर बाजारात उभी राहून सांगतलं अन् ती शाळेतल्या पोरीवानी ऐकत राहिली.

एका भाजीवालीनं पालेभाजीच्या मागं लहानसा बुद्ध ठेवला होता, समोर उदबत्ती अन् एक संत्रं. मी हात जोडले. तिनंबी जोडले. आमाले एकमेकीची भाषा येत नाई. तेवढ्यानं झालं.

मंग होडी. टोपल्यासारखी गोल, बांबूची. ती सरळ जातच नाई, आपल्याभोवती फिरत फिरत जाते. कधी ताडाची झाडं समोर येतात, कधी आभाळ, कधी पोरीचं तोंड. त्या होडीत करिष्मानं मले तुमचं पत्र वाचून दाखवलं.

हे तुमाले सांगायचं राहून गेलं होतं. मोबाईलवरचं बारीक अक्षर मले दिसत नाई, म्हणून तीच वाचते. मले काय ठाऊक तुमी काय लिहिलं आहे. तिनं सारं वाचलं, एका शब्दानं विचारलं का हेबी वाचलं, अन् हे आपल्या दोघातच ठेवजो हेबी वाचलं. आवाज हालला नाई तिचा. मंग मोबाईल पिशवीत टाकला अन् हात पाण्यात सोडून बसली. होडी फिरत राहिली.

पुढं क्लासमध्ये लाननं तांदळाचं पीठ काढलं, त्यात हळद अन् नारळाचं दूध. मी पाहताच म्हटलं, माय व, हा तर आपल्या छत्तीसगढचा चीला! त्याले इथं बान्ह सेओ म्हणतात. सेओ म्हणजे काय, तर पीठ तव्यावर पडलं की जो चर्र वाजते तो आवाज. पदार्थाले आवाजाचंच नाव. लान म्हणे, डोळ्यानं पाहू नका, ऐका. आवाज बारीक झाला की परतायचा. आमी तिघी मान खाली घालून ऐकत उभ्या होतो. अन् तेव्हा करिष्मा हळूच म्हणे की आई, मी विचारलं होतं.

तिनं जे सांगतलं ते जसंच्या तसं लिहिते. निघायच्या दिवशी मी बाहेर ऑटोत सामान ठेवून राहिली होती. तुमी दारातल्या खुर्चीवर पेपर घेऊन बसले होते. ती तुमच्यापुढं उभी राहिली अन् म्हणे, बाबा, मी जाऊ ना? तुमी नाई म्हटलं तर मी आत्ता बॅग आत ठेवते. तुमी तिच्याकडे पाहिलं अन् मान हलवली. हो म्हणून. म्हणून ती गेली. ती म्हणते, बाबाने हाँ कहा था, मंग महिना झाल्यावर बोलणं कावून बंद केलं, हे मले आजपर्यंत समजलं नाई. मीच काही चुकली असंल म्हणून इतके दिवस गप आहे.

माझा चीला तव्यावर जळून गेला. लाननं दुसरं पीठ टाकलं.

आता तुमीच सांगा, हे काय आहे? ती खाली गेली आहे, मी हे पत्र माझ्याच हातानं पाठवून राहिली. रागावून लिहू नका. पण लिहा.

तुमची
पंचफुला


होई आन
१२ फेब्रुवारी २०२५, माघ पौर्णिमा

करिष्माचे बाबा यांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचं काहीच येऊन नाई राहिलं. रमाबाईले विचारलं तर म्हणे, आहेत ठीक, गच्चीवर बसतात, अन् आमच्याकडून चील्याचा तवा मागून नेला. मले वाटलं, तिची काही गफलत झाली.

काल दिवस मावळताना साऱ्या गावानं विजेचे दिवे बंद केले अन् कंदील लावले. नदीत कागदाचे दिवे सोडतात, लाल, पिवळे, अन् ते पाण्यावर हळूहळू असे जातात जसं कोणी झोपेत चालून राहिलं. आज पुनवेचं म्हणून अर्ध्या गावानं मांस सोडलं आहे. आमी घरीच वंदना घेतली. करिष्माले अजून पाठ आहे, तुमी शिकवलेली.

मीबी एक दिवा सोडला. तिनं विचारलं नाई कोणासाठी. पण दिवसातून कितीदा तरी ती मोबाईल पाहते अन् पालथा ठेवते. मी काही बोलत नाई. तुमीबी नाई बोलले, तर मंग तिघायच्या घरात बोलणार कोण?

वाट पाहून राहिली.

पंचफुला


वैशाली नगर, भिलाई
१४ फेब्रुवारी २०२५

चि. करिष्मास,
जयभीम अन् अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुले लिहिलं आहे. आईले वाचून दाखवायचं की नाई ते तू ठरव.

इतके दिवस लिहिलं नाई कारण चार कागद फाडले. तुले वाटलं असंल बाप पुन्हा रुसला. रुसलो नाई. मले लाज वाटून राहिली होती.

त्या दिवशी दारात तू काही बोलली हे मले आठवते. तुझे ओठ हालले, कपाळावर केस आले होते, तेबी आठवते. पण मले ऐकू आलं नाई, बाई. एक अक्षर नाई. तेव्हा मी कोणाले सांगत नव्हतो, पण कान गेलेच होते. प्लांटच्या मिलमध्ये, मशिनीच्या आवाजात, आमी जलमभर इशाऱ्यानं बोललो, समोरच्यानं तोंड हालवलं की आपण मान हलवायची, काम पुढं जाते. रिटायर झाल्यावर तीच सवय राहिली. भाजीवाला बोलला, मान हलवली. केवलराम बोलला, मान हलवली. तू बोलली, मान हलवली. मले वाटलं, जाते म्हणून राहिली. अन् तू गेल्यावर मनात धरून बसलो की हिनं विचारलं नाई.

मी घरात बसून तुले दोष देत होतो अन् तू तिकडं माझ्या हो वर जगून राहिली होती. हे वाचलं त्या दिवशी मी गच्चीवरून खालीच आलो नाई. रमाबाईनं ताट वर आणून देल्लं.

मंग मी तांदूळ भिजवले. हासू नको. आईनं लिहिलं तसं वाटले, हळद टाकली, नारळ सिविक सेंटरवरून आणला. तवा रमाबाईचा. तुमची ती मास्तरीण म्हणते आवाज ऐकून परता. मी काय ऐकू? पहिले दोन जळाले. तिसऱ्या वेळी उलथनं कडेले लावून धरलं तर त्याच्या दांडीतून बारीक थरथर हाताले लागली. मिलमध्ये लोखंडाची प्लेट रोलखालून गेली की अशीच बुटाच्या तळव्यातून समजे. थरथर पातळ झाली तेव्हा परतला. चांगला निघाला, पिवळाधम्मक. अर्धा रमाबाईले देल्ला. तिनं काय म्हटलं ते समजलं नाई, अन् या वेळी मी मान हलवली नाई. पुन्हा विचारलं. तिनं मोठ्यानं सांगतलं की मीठ राहिलं.

काल भूषण डॉक्टरकडे जाऊन कानाचं मशीन नीट करून आणलं. कपाटात नाई ठेवलं, कानात आहे. सारं जग खडखड वाजून राहिलं. पाखरं इतकी ओरडतात हे मी विसरूनच गेलो होतो.

आता खरी गोष्ट लिहितो, तीच लिहायले चार कागद गेले. त्या दिवशी मले ऐकू आलं असतं तर मी नाई म्हटलं असतं. पक्कं नाई म्हटलं असतं. अन् तू तुझ्या बोलाले जागली असती, बॅग आत ठेवली असती. आज तू रायपूरच्या ऑफिसात फाईलीत मान घालून बसली असती अन् बापाचा मान ठेवला म्हणून मी साऱ्या वैशाली नगरात छाती काढून फिरलो असतो. नदीवरचं धुकं, ती गोल होडी, पायाले बिलगणारी लेकरं, यातलं काही तुले भेटलं नसतं, अन् काय गेलं हे मले कधी समजलंबी नसतं. कान गेल्याचं मले फार दुःख होतं. काल पहिल्यांदा वाटलं, बरं झालं गेले.

तेव्हा तो हो तुझाच आहे, ठेव. मी दिला नव्हता, पण आज देऊन राहिलो.

आईले म्हणावं, तिकीट आहे तेव्हाच ये, पण जमलं तर अजून एक भाजी शिकून घे. अन् तू, बाई, इथून पुढं मले विचारू नको. सांगत जा. नुसतं सांगत जा, काय खाल्लं, कोणतं लेकरू काय बोललं, सारं. मी ऐकून राहिलो.

तुझ्यावर जीव होताच, आता तो बोलून दाखवायचं शिकून राहिलो, एवढं समजून घेजो.

तुझा बाबा
भय्याजी