वरची रांग

६ ऑक्टोबर, सोमवार
निवृत्तीला सहा महिने झाले. साचिएने आज स्पष्ट सांगितलं की सकाळी आठ ते बारा घरात थांबू नका, तुमचे पाय मध्ये येतात, केर काढता येत नाही. बायकोचं बोलणं मनावर घेत नाही. कापडगिरणीचं रवानगी खातं तीस वर्षं सांभाळलं, चार तास काय सांभाळायचे! जवळची, स्वस्त, बसता येईल अशी जागा शोधणे. वाचनालय: पेपरवरून भांडणं. स्टेशनजवळचं नूडल्सचं दुकान: उभ्याने खा, चालते व्हा. ‘कामोमे’ कॉफीहाउस: पसंत. सकाळी एका कॉफीवर जाड टोस्ट, त्यावर गोड पुरण, शिवाय उकडलेलं अंडं, सगळं फुकट.

७ ऑक्टोबर
कामोमेत कॉफीच्या कुपनांचं पुस्तक घेतलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांची पुस्तकं नाव घालून गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगलेली असतात. मालकीणबाई रोज एक कुपन फाडतात. माझं, ‘कुराची’ लिहिलेलं, खालच्या रांगेत, संडासाच्या दाराशी. अगदी वरच्या रांगेत सहाच पुस्तकं. बडी मंडळी असणार.
निश्चय: नववर्षाच्या आत वरची रांग. माणसाला एका तरी ठिकाणी मान हवा. घरातला केराबरोबर गेला.

१६ ऑक्टोबर
वरच्या रांगेतले मिझुतानी अजून एकदाही दिसले नाहीत. पुस्तकावर धूळ बसलीय. मोठी माणसं रोज येत नाहीत. मी रोज येतो, तिथेच चुकतं.

२३ ऑक्टोबर
आत शिरताच ऐटीत म्हणालो, नेहमीचं. मालकीणबाईंनी विचारलं, म्हणजे काय आणू? शेजारच्या टेबलावरचे हिबिनो, पूर्वीचे न्हावी, हसून म्हणाले की साहेब गावात नवे दिसतात. सतरा दिवस त्यांच्या कोपराला कोपर लावून बसतोय. नजर अधू असावी. त्यांच्या हातून दाढी केलेल्यांची कीव येते.

३ नोव्हेंबर
अतिपरिचयात अवज्ञा. आजपासून दांडी. आठवडाभरात विचारपूस सुरू होईल. दुसऱ्या पुस्तकात तीन कुपनं शिल्लक आहेत, म्हणजे मी येणार हे त्यांना ठाऊक आहे. काल पुस्तकाच्या मागच्या बाजूला फोन नंबर लिहून आलो. उगाच शोधाशोध नको.

१० नोव्हेंबर, सकाळी ८.४०
देवळामागचा बाक. मशीनमधली डब्याची कॉफी. आठवड्यात एक फोन. दंतवैद्याचा.

१५ नोव्हेंबर
मुदत वाढवली. लोकांना काळजी वाटायलाही वेळ द्यावा लागतो. सर्दी झाली. साचिएने विचारलं, कुठे बसता हो? कॉफीहाउसात, म्हटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
फोन नाही. बहुधा नंबर नीट लागत नसेल. स्वतःच गेलो.
संडासाजवळच्या खिळ्यावर कुणा ओकुमुराचं पुस्तक. खालची रांग दोनदा तपासली. मग नजर वर गेली. वरच्या रांगेत, मिझुतानींच्या शेजारी: कुराची. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. मालकीणबाई टोस्ट घेऊन येत होत्या. मला पाहून त्यांनी ट्रे खाली ठेवला.
“तुम्ही आहात होय,” त्या म्हणाल्या. “बरे आहात ना?”
वरच्या रांगेबद्दल मी आभार मानले. हिबिनोंनी पेपर बाजूला केला.
“अहो साहेब, ती रांग गेलेल्यांची. उरलेली कुपनं फेकवत नाहीत हिला. तुमच्यासाठी उभं राहून हात जोडले आम्ही. चेहरा काही आठवेना, पण जोडले.”
फोन का नाही केला, नंबर तर लिहिला होता, मी विचारलं.
“पाहिला ना नंबर,” मालकीणबाई म्हणाल्या. “पण अशा वेळी घरच्यांना कशाला त्रास द्यायचा?”
दोनदा वाकून त्यांनी माफी मागितली. पुस्तक खाली आणते म्हणाल्या, पण खाली खिळा रिकामा नव्हता. राहू द्या, म्हटलं. स्टुलावर चढून त्यांनी एक कुपन फाडलं. अंडं गरम होतं.

२५ नोव्हेंबर, सकाळी ९.०५
बाक. दोन कुपनं उरली. वापरली तर पुस्तक संपेल आणि भिंतीवरचं नाव जाईल. न वापरता राहिलो तर नाव राहील. मिझुतानींनी हेच केलं असावं.
थंडी फार आहे. बारा वाजायला तीन तास.