कुंदा आठल्येची निळी टिक

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अळूची पानं काढली, व्हिडिओ केला. इथे ऑकलंडला ऊन उत्तरेकडून येतं हे घसा कोरडा करून सांगते, तरी लोक वाफे घराच्या दक्षिणेला करतात आणि मेथी पिवळी का पडली म्हणून मलाच विचारतात.

दुपारी एका बाईंची कॉमेंट आली. कुंदाताई, कारल्याची पावडर पोचली, शुगरची गोळी आजपासूनच बंद करू ना? कसली पावडर? मी अळूची रोपं लोकांना फुकट वाटते, विकत काहीच नाही. बाईंना लिहिलं, गोळी बंद करू नका. त्यांनी नुसता नमस्काराचा हात पाठवला. लेक, जुई, ऑफिसातून आली की दाखवते.

२५ फेब्रु.

जुईने शोधून काढलं. नेटवर माझ्या पानासारखंच आणखी एक पान आहे. माझाच फोटो, लेकीची जुनी हॅट घालून भोपळ्याशेजारी उभी आहे तो. नाव ‘कुंदाताईंची बाग’, खाली कुंदा आठल्ये. व्हिडिओ माझेच, मधूनमधून पावडरीचे डबे. ‘सख्यांनो’ अशी सुरुवातसुद्धा माझी उचललेली. वाचताना क्षणभर मलाच वाटलं, हे आपणच कधीतरी लिहिलं असेल.

ही पानं चालवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. लगेच उत्तर: आम्हाला काही गैर आढळलं नाही.

ह्यांचं म्हणणं, सोडून दे. ह्यांचं सगळ्या दुखण्यांवर हेच औषध. जुई म्हणाली, निळी टिक घेऊ. पासपोर्टचा फोटो द्यायचा, आपला चेहरा कॅमेऱ्यासमोर इकडेतिकडे फिरवायचा, मग नावापुढे खूण येते आणि लोकांना कळतं खरी कोण ते. एवढंच ना, म्हटलं.

२८ फेब्रु., शनिवार

नाकारलं. पासपोर्टवरचं नाव आणि पानावरचं नाव जुळत नाही.

कसं जुळेल. पासपोर्टवर मी शुभदा मोघे. लग्नात ह्यांनी ताम्हनातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं, शुभदा. सासरी आधीच एक कुंदा होती, ह्यांची आत्या, आणि एका घरात दोन कुंदा नकोत असं सासूबाईंनी ठरवलं. मला कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तेव्हा वाईटही वाटलं नाही, नव्या शालूबरोबर नवं नाव आलं. गंमत अशी, की नाव ठेवून घेतलं आणि ह्यांनी जन्मभर हाक मारली ‘अगं’. शुभदासुद्धा कधी ह्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

मग पानावर कुंदा का? जुईने पान उघडताना विचारलं होतं, आई, नाव काय टाकू? मेथीची जुडी हातात होती. तोंडातून निघालं, कुंदा आठल्ये. माझं मलाच नवल वाटलं. जुईने टाइप केलं आणि मी खोडायला सांगितलं नाही.

तेव्हापासून दोन देशांतल्या बायका मला कुंदाताई म्हणतायत. बरं वाटतं. इथे लिहायला हरकत नाही, फार बरं वाटतं.

३ मार्च

हद्द झाली. त्या दुसरीला टिक मिळाली.

जुई म्हणते कुणाचे तरी कागद वापरले असतील, किंवा त्या नावाची कुणी खरीच बाई असेल. असो कुणीही. निळी खूण तिच्याकडे, आणि तिने जाहीर करून टाकलं की माझ्या नावाने एक खोटं पान फिरतंय, सख्यांनो, सावध राहा. दिवसभर मला शिव्या. चोर, लाज नाही वाटत, म्हातारीचं नाव वापरता. तारा माझ्या मांडीवर बसून टॅब बघत होती. “आजी, यू आर द फेक वन,” म्हणाली. नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. नऊ वर्षांच्या पोरीवर काय चिडणार, पण चिडले.

६ मार्च

कुंदाचा कागद शोधतेय. चिपळूणला भावाला फोन केला. मॅट्रिकचं सर्टिफिकेट त्याच्याकडच्या कपाटात होतं, ते कपाट पुराच्या पाण्यात गेलं. जन्माची नोंद तरी बघ म्हटलं. बिचारा कचेरीत जाऊन नक्कल काढून आला, फोटो पाठवला. वडिलांचं नाव आहे, गाव आहे, आणि माझ्या नावाच्या जागी: स्त्री. बारशाच्या आधी नोंद व्हायची, नंतर नाव कळवायला पुन्हा कोण जातंय?

एवढं तरी बरोबर लिहिलंय.

८ मार्च, रविवार

आज भांडण. बऱ्याच वर्षांनी एवढं मोठं.

जुई म्हणाली, लग्नाचा दाखला आहे ना, त्यावर बायकोचं माहेरचं नाव असतंच. मला एकदम हायसं वाटलं. इथे यायच्या व्हिसासाठी ह्यांनी तो दाखला पुण्यात खेटे घालून काढला होता. फाइल उघडली. वधूचे विवाहापूर्वीचे नाव: शुभदा आठल्ये.

अशी बाई कधी नव्हतीच. आठल्यांकडे शुभदा नव्हती आणि मोघ्यांकडची कुंदा मी नव्हते. ह्यांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, आधार, पॅन, बँक सगळीकडे शुभदा आहे, इथे कुंदा टाकलं असतं तर दोन नावं कशी म्हणून अडकलं असतं, शपथपत्र करा, गॅझेट करा. म्हणून नीट जुळवून घेतलं. वीज मंडळात जन्मभर लोकांचे अर्ज तपासले, कुठे काही न जुळणारं दिसलं की ह्यांना झोप येत नाही. सही माझीच आहे खाली. जिथे बोट दाखवलं तिथे केली.

“तुम्ही मला जुळवून टाकलंत,” मी म्हटलं. पुढेही पुष्कळ बोलले, ते लिहीत नाही. जुई मध्ये पडली नाही. तिने लग्नानंतर आडनावसुद्धा बदललं नाही, तिला हे आमचं दोघांचं सगळंच अजब वाटत असणार. हे बाहेर जाऊन फीजोआच्या झाडाखाली उभे राहिले. फळं अजून पडायला लागलेली नाहीत.

११ मार्च

वेलिंग्टनहून निखिलचा फोन. सुषमाताईंचा मुलगा. सुषमाताई माझ्यासारख्याच, मुलाकडे येऊन राहिलेल्या. मागच्या वर्षी इथे हळदीकुंकवाला भेटल्या होत्या, गट्टी जमली. तिकडच्या वाऱ्यात काही टिकत नाही म्हणाल्या म्हणून अळूचे कंद पाठवले होते.

सुषमाताई हॉस्पिटलमध्ये आहेत. पावडर मागवली, गोळ्या बंद केल्या, मुलाला पत्ता लागू दिला नाही. चक्कर येऊन पडल्या तेव्हा कळलं. निखिल ओरडला नाही, तेच जास्त लागलं. “काकू, आई म्हणते कुंदाताईंनी सांगितलं म्हणून घेतलं. तुमचा फोटो आहे, टिक आहे. मी काय समजायचं?” मी नाही रे ती, असं मी तीनतीनदा सांगितलं. तो बरं म्हणाला. विश्वास बसला असं काही वाटलं नाही.

जेवण गेलं नाही. पहिल्या दिवशी मला कळलं होतं की कुणीतरी गोळी बंद करतंय. तेव्हा मला माझ्या फोटोचंच पडलं होतं.

१२ मार्च

सु.ताई बऱ्या आहेत. बोलतात. पण त्यांच्याशी फोनवर बोलू का विचारलं तर निखिल म्हणाला, सध्या नको.

१५ मार्च, रविवार

जुईने कंपनीशी खूप लिखापढी केली. पलीकडे माणूस आहे की मशीन कोण जाणे, प्रत्येक उत्तर ‘किया ओरा’ ह्या इथल्या नमस्काराने सुरू होतं आणि कुठेच पोचत नाही. शेवटी एक वाट निघाली. पानाचं नाव बदलून शुभदा मोघे करायचं. पासपोर्टशी जुळेल. टिक मिळेल. मग टिकवाल्या पानाची तक्रार म्हणून आपलं वजन वाढेल, आणि निदान आपण चोर ठरणार नाही.

पण मग कुंदा आठल्ये तीच. कायमची. खूण असलेली, पावडर विकणारी. एकदा टिक घेतली की पुन्हा कागदाशिवाय नाव बदलता येत नाही, आणि माझ्याकडे कागद नाही.

हे चहा घेताघेता म्हणाले, घेऊन टाक. शुभदा काय वाईट आहे? मी कप ठेवला आणि उठले. वाईट नाहीच आहे. शुभदा चांगली बाई आहे, तिने तुमच्या आईचं केलं, तुमच्या बदल्यांमागे घर हलवलं, जुईला वाढवलं. बाग तिची नाही एवढंच. हे सगळं मी बोलले नाही, इथे लिहितेय.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

डेकच्या कठड्याला गुढी बांधली. वाऱ्याने सारखी कलत होती. कडुलिंब नाही, अळूचं पान लावलं, देव समजून घेईल.

दुपारी सुषमाताईंचा फोन. स्वतःहून केला. आवाज पार खोल गेलाय. म्हणाल्या, आधी एक सांगा, कंदांबरोबर चिठ्ठीत काय लिहिलं होतंत? मी सांगितलं, वाऱ्याला पाठ करून लावा आणि पानं खाजरी निघाली तर चिंच जास्त घाला. हो, तेच, म्हणाल्या. मग रडल्या. मी पण.

म्हटलं, तुम्हाला तरी पटलं. त्या म्हणाल्या, मला पटलं कारण मी चिठ्ठी ठेवली होती. बाकीच्या बायकांना कुठे चिठ्ठ्या आहेत? त्या खूण बघतात. मीही खूणच बघितली.

मग ठेवताना म्हणाल्या, “कुठल्याही नावाने घ्या, पण ती टिक घ्या. मी वाचले, सगळ्या वाचतीलच असं नाही.”

त्यांचंच बरोबर आहे. आणि तरी संध्याकाळभर मला राग येत राहिला. सुषमाताईंचा नाही. कुणाचा ते धड सांगताही येत नाही.

२१ मार्च

हे इस्त्रीचा शर्ट घालून वाफ्यापाशी येऊन उभे राहिले. जुईला म्हणाले, माझा व्हिडिओ घे, मी सांगतो लोकांना. मी साक्षीदार आहे. कागद नसेल तर साक्षीदार चालतो. मला काहीच माहीत नव्हतं.

जुईने फोन धरला. हे सुरू झाले. नमस्कार, मी मोघे, निवृत्त, सध्या मुक्काम ऑकलंड. ही जी बाई तुम्ही बघताय ती माझी पत्नी, आणि हिचं नाव. थांबले. पुन्हा घेतलं. हिचं नाव. पुन्हा थांबले. जुई म्हणाली, बाबा, दोनच अक्षरं आहेत. हे म्हणाले, आत्याचं नाव होतं ते, मोठ्या माणसाचं असं एकेरीत तोंडात येत नाही. आत्या जाऊन किती वर्षं झाली. मी खुरपं घेऊन उभी होते, हसू येत होतं.

शेवटी म्हणाले. हजेरी घेतल्यासारखं, मोठ्याने, कॅमेऱ्याकडे बघून: “कुंदा आठल्ये.” आणि मग हळू, माझ्याकडे बघून, दाखल्यावर मी चुकीचं लिहिलं. जुईने ते शेवटचं कापलं नाही.

२३ मार्च

व्हिडिओ पुष्कळांनी बघितला. काहींना पटला, जुन्या बायकांनी लिहिलं, आम्हाला माहीत होतंच. काहींनी लिहिलं, आजोबाही नकली आहेत. त्या दुसरीने तो व्हिडिओ उचलून स्वतःच्या पानावर लावला. म्हणजे आता माझा नवराही तिचाच, वर टिक आहे.

आणखी दोघींनी पावडरीबद्दल विचारलं. एकीची सोनोग्राफी की काय आहे पुढच्या आठवड्यात, पावडर घेतेय तर ती थांबवू का म्हणते. नको थांबवू बाई, लिहिलं. तिने मला ब्लॉक केलं.

२५ मार्च, बुधवार

जुईने सगळं भरून ठेवलंय. पासपोर्टचा फोटो, चेहरा, नावाच्या चौकटीत शुभदा मोघे. फक्त खालचं बटण दाबायचं बाकी. आई, तूच दाब, म्हणाली आणि माझा फोन किचनच्या ओट्यावर ठेवून ऑफिसात गेली. सकाळभर मी त्या फोनच्या बाजूने जाते-येते आहे. त्या सोनोग्राफीवालीचं डोक्यातून जात नाही.

फीजोआ पडायला लागले. टोपली घेऊन झाडाखाली वेचत बसले होते. मागून कुणीतरी हाक मारली, कुंदा. मी वेचतच राहिले. वाटलं, हे आत पुन्हा तो व्हिडिओ लावून बसलेत. पुन्हा हाक आली, जवळून. वळून बघितलं तर हे कपड्यांच्या दोरीपाशी उभे, हातात माझं पातळ, आत घेऊ का विचारत होते. आभाळ भरून आलं होतं.

ओ द्यायला मला जरा वेळ लागला. घ्या, म्हटलं.

जुईचा मेसेज आलाय, दाबलंस का? फीजोआ धुवायचे आहेत अजून.