उदयसिंगचा कोंबडा

कामरगाव,
सोमवार, २४ नोव्हेंबर

चि. उदयसिंग यास ताईचे अनेक आशीर्वाद.

प्रभूच्या कृपेने इकडे आम्ही दोघी खुशाल आहोत, तूही खुशाल असावास. पत्रात हे आधी लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आजारी कोणी नाही, तेव्हा घाबरू नकोस. पण खुशाल म्हणावं असंही काही नाही.

पत्र कशाला, असं म्हणशील. तर फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतोस, आणि गप्प बसतोस. माझ्या अंगणवाडीतली नाक पुसता न येणारी पोरंसुद्धा हाक मारली की ओ देतात. म्हणून हे कागदावर लिहून भाऊसिंगच्या हाती देते आहे. त्याची सुट्टी संपली, उद्या तो चाकणला तुमच्या खोलीवर परत येतोय. त्याला बजावलं आहे, की उदय वाचून होईपर्यंत त्याच्यासमोरून हलायचं नाही. त्याच्यावरही मी चिडलेली आहे, ते पुढे सांगते.

आधी कोंबड्याचं. तो आत्ता खाटेच्या पायाला बांधलेला आहे आणि हे लिहिताना माझ्या चपलेवर चोच मारतो आहे. तुला माहीत नसेल, पण तू घर सोडून गेल्यापासून माय दरवर्षी एक पिल्लू वेगळं काढते. उदयसिंगचा कोंबडा. त्याला ज्वारी वेगळी, पाणी वेगळं, आणि कोणी त्याच्यावर हात टाकायचा नाही, कारण नाताळला तू येशील आणि तो तुझ्यासाठी कापायचा. तू काही येत नाहीस. मग नाताळ उलटला की आम्ही दोघी तो खातो. शिजायला अख्खी दुपार जाते आणि माय दरवेळी तेच म्हणते, "जून झाला."

मी कधी काही बोलत नाही. घरी राहिलेल्याने बोलायचं नसतं. पाळकसाहेब दरवर्षी चर्चमध्ये बायबलातल्या घर सोडून गेलेल्या मुलावर उपदेश करतात, आणि घरी राहून शेण काढणाऱ्याबद्दल शेवटी घाईघाईत दोन वाक्यं येतात. माझ्यासाठी कोणी कोंबडा राखलेला मी तरी पाहिला नाही.

तर गेल्याच्या गेल्या रविवारी आपल्या चर्चमध्ये हंगामाची उपकारस्तुती होती. सोयाबीन घरात आलेलं, सगळे काही ना काही घेऊन आले होते. पपया, भोपळे, कोणाची तुरीची पहिली शेंग. माझ्या टोपलीत मेथी होती. आणि माय निघाली तर काखेत तुझा कोंबडा! मला वाटलं, शेजारच्या सुगराबी चाचीकडे सांभाळायला देते आहे. तिने तो थेट वेदीपुढे नेऊन ठेवला, भोपळ्यांच्या शेजारी.

त्याच्याआधी प्रार्थनेच्या विनंत्या झाल्या, ज्याने त्याने उभं राहून आपलं मागणं सांगायच्या. तुला तर आठवतंच, आपली माय उभी राहिली की लोक मांडी बदलून नीट बसतात. तिची दाढ, सुगराबी चाचीचा गुडघा, बिघडलेला मिक्सर, आणि माझं लग्न. "पोरीचं वय होऊन राह्यलं प्रभू, मुलगा दारू न पिनारा पाह्यजो." सगळ्या कामरगावला माझं वय माहीत आहे, ते याच कृपेने. आणि सगळ्यात शेवटी, न चुकता, "अन् माह्या उदयसिंगसाठी." मग आमेन.

त्या दिवशी तिने दाढ सांगितली, गुडघा सांगितला, माझं लग्न सांगितलं, आणि खाली बसली.

कोणी आमेन म्हणेना. सगळे डोळे मिटून वाट बघत होते. शेवटी पाळकसाहेबांनी एक डोळा उघडून मायकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पुढचं गीत सांगितलं. मला वाटलं, वय झालं, विसरली असेल.

मग लिलाव. इथे काय चालतं ते तुला सांगायला नको. वस्तू जिंकायची आणि पुन्हा देवाला द्यायची, म्हणजे पुन्हा लिलाव. एकच पपई सगळ्या मंडळीच्या हातून फिरते आणि शेवटी पाळकबाईंच्या घरी जाते. कोंबडा पुकारला तशी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोली लावली. लोकांना वाटलं, वर्षाराणीला देवाचा उमाळा आलाय, म्हणून त्यांनीही उत्साहाने वाढवली. मी जिंकले. माय मागून कुजबुजली, "वापस दे. देवाले देल्लं घरी नेतेस काय?" दिला वापस. पुन्हा पुकारा, पुन्हा मी. पाळकसाहेब हसायला लागले. शेवटी मी सरळ कोंबडा काखेत मारला आणि म्हणाले, "आता नाही देत." कोंबड्याने सगळ्यांदेखत माझी साडी खराब केली. उपकारस्तुतीची साडी होती.

घरी येऊन मायला विचारलं, हे काय चालवलं आहेस? ती चुलीशी बसली होती. म्हणाली, "त्याले नाही आवडत ना. मंग बास." एवढंच. मार्ग विचारायला पाळकसाहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, प्रार्थनेत ठेवू. चहा घेतला. प्रार्थनेतच तर सगळा घोटाळा आहे साहेब, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

मग भाऊसिंगला धरलं. त्याने आधी आढेवेढे घेतले आणि मग बोलला. बाजारात त्याने मायला तुझा निरोप दिला होता. "काकू, उदय म्हने, माह्या नावाचा पुकारा चर्चमंधी बंद झाला तरच म्या गावात पाय ठेवीन."

हे तू म्हणालास? खरंच म्हणालास?

तुझा राग मला माहीत आहे रे. पोलीस भरतीत धावताना तुझ्या पोटात गोळा आला, तू मैदानात बसलास, आणि मायने पुढच्या रविवारी उभं राहून ते जसंच्या तसं देवाला सांगितलं, सगळ्यांसमोर. मग चौकातली पोरं तुला पाहून पोट धरायला लागली. ते वाईटच होतं. मी तेव्हा तुझ्या बाजूने मायशी भांडले होते, ते तू बघायला थांबला नाहीस. पण तिने काय तुझी बदनामी करायला सांगितलं? तिला मनातल्या मनात बोलता येतच नाही. भाजीला मीठ कमी पडलं तरी ती मोठ्याने म्हणते. देवाशी ती वेगळं कसं बोलणार?

आणि आता ती बोलत नाही. तुझी अट तिने शब्दशः पाळली आहे, घरातसुद्धा. संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळं म्हणून होतं, मग तुझ्या नावाच्या ठिकाणी ती थांबते. ओठ हलतात. मग आमेन म्हणते. नाव घेत नाही, पण जागा सोडते. मी शेजारी डोळे मिटून बसते आणि मला ते ऐकवत नाही. इतकी वर्षं त्या नावाचा मला वैताग होता. नको तेव्हा, नको तिथे, उदयसिंग. आता ते येत नाही तर घर खायला उठतं.

कोंबडा का दिला, तेही कळलं. तिला वाटतं, वाट बघणं म्हणजेही तुझं नाव घेणंच. म्हणून तेही सोडलं, एवढी सरळ बाई आहे ती.

काल रविवारी पुन्हा विनंत्यांची वेळ आली. माय बोलली आणि बसली. पुन्हा ती शांतता. तुला माहीत आहे, मी कधी तिथे उभी राहिलेली नाही, मला त्या प्रकाराची चीड आहे. काल उठले. मायने पदर ओढला, "खाली बैस, तो येनार नाही मंग." मी म्हणाले, "माझा भाऊ उदयसिंग. त्याला काही कमी नाही, नोकरी आहे, तब्येत बरी आहे. तो फक्त घरी यावा." सगळी मंडळी आमेन म्हणाली, इतक्या मोठ्याने, की बाहेर उभा असलेला भाऊसिंग दचकला.

माय रस्ताभर माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. घरात येऊन पाट सरकवला आणि रडली. म्हणाली, "तुनं त्याचं येनं बुडवलं, वर्षे. मी एवढी तोंड दाबून बसली होती."

म्हणजे आता नाताळला तू आला नाहीस, तर ते माझ्यामुळे झालं असं ती मरेपर्यंत धरून चालेल. आणि पुन्हा कधी तुझं नाव तोंडातून काढणार नाही. तुला तेच हवं असेल तर येऊ नकोस, भाऊसिंगजवळ तसं सांग, मी मायला काहीतरी थाप मारीन. पण तुला तेच हवं आहे, यावर माझा विश्वास बसत नाही.

राग आला असेल तर तो माझ्यावर काढ. अट मी मोडली आहे, तिने नाही. ये, चर्चच्या दारात उभा राहून सगळ्यांदेखत माझ्याशी भांड. मी एक शब्द उलट बोलणार नाही. बरं, एखादा बोलेन.

कोंबडा अजून कोवळा आहे. पण हा दिवसभर ओरडतो आणि आता मला चावतोही आहे, तेव्हा फार दिवस मी त्याला सांभाळणार नाही.

तू येईपर्यंत दर रविवारी उभी राहून तुझं नाव घेणारी,
तुझी ताई
वर्षाराणी