जाऊबाईंच्या बाजूचं दार

४ फेब्रुवारी

उचकटलं एकदाचं! जेवणाच्या खोलीतलं ते प्लायवूड. खिळे असे ठोकलेले की जणू पलीकडे वाघ कोंडलाय. वाघ नाही, माझी थोरली जाऊ राहते तिकडे.

हे बाजूला उभे. ‘अगं जपून, अगं भिंतीचा रंग निघेल!’ खिळे ठोकणारे हेच होते, तेव्हा रंगाची काळजी नव्हती. सासरे गेल्यावर जिना कोणाच्या वाट्याला यावा यावरून दोघे भाऊ भांडले. घराचे दोन भाग झाले आणि मधली वाट बंद झाली. जिना आता कोणीच वापरत नाही. गच्चीवर नुसती टाकी आहे.

‘वहिनींना विचारलंस का?’ — विचारलं. ‘तुला काय करायचं ते कर, माझं आता काय,’ म्हणाल्या. मी त्यातलं पहिलं तेवढं धरलं, दुसरं सोडून दिलं.

५ फेब्रुवारी

हे दार कशासाठी ते इथे लिहूनच ठेवते.

मोठे दीर गेल्या वर्षी गेले. त्या बाजूला जाऊबाई एकट्या. गेल्या महिन्यात सकाळी न्हाणीघरात पडल्या. कळलं कधी? दुपारी, इस्त्रीवाला कपडे द्यायला आला तेव्हा. तोवर त्या फरशीवर, आणि मी भिंतीच्या अलीकडे गिऱ्हाइकांच्या फोटोफ्रेमांच्या पट्ट्या कापत होते, गाणं गुणगुणत! भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला नव्हते.

हाड वाचलं, पण हातात काठी आली. आणि आता एजंट येऊन जातो. ‘विकून टाकते माझा भाग, लेकीकडे जाते,’ असं त्यांनी मला गेटवर सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं.

मला त्या इथे हव्या आहेत. बघ, लिहिलं! तोंडावर म्हणायला गेले की जीभ अडते. मी या घरात नवी आले तेव्हा माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या त्या, आणि माझ्यासाठी सासऱ्यांवर पहिल्यांदा ओरडल्या त्याही त्याच. असं माणूस भिंतीपलीकडून उठून जाणार आणि मी बघत बसणार? मुळीच नाही.

६ फेब्रुवारी

बिजागरीचं दार नको. आमच्याकडे उघडलं तर टेबलाला आपटतं, त्यांच्याकडे उघडलं तर काठीवाल्या माणसाला मागे सरावं लागतं. सरकतं हवं. धान्याच्या कोठाराला असतं ना, वर पोलादी रूळ, त्यावर दोन चाकं, चाकांना दार लटकलेलं — तसलं. फोनवर बघून घेतलंय. एक बाई एकटीने बसवते, लिपस्टिक लावून. मला लिपस्टिकशिवाय जमायला हरकत नाही.

हे म्हणाले, ‘फ्रेमा करणं वेगळं आणि दार करणं वेगळं.’ चौकट ती चौकट. लहान काय, मोठी काय.

७ फेब्रुवारी

लाकूडवाला: ‘पट्टी किती काढू?’ मी: ‘पट्टी नको, फळ्या. दार करायचंय.’ ‘मिस्त्री कोण?’ ‘मी.’ त्याने माझ्या मागे पाहिलं, कुणी पुरुष उभा आहे का म्हणून. मागे त्याचंच कुत्रं होतं.

चांगल्या कोरड्या फळ्या मिळाल्या. प्रत्येक उचलून डोळ्यासमोर धरून पाहिली. दोन वाकड्या निघाल्या, त्या त्याच्या त्याला परत केल्या. तेव्हापासून मला ‘मिस्त्रीणबाई’ म्हणायला लागला. म्हण बापड्या.

१० फेब्रुवारी

फळ्यांना रंधा मारून झाला. खालीवर दोन आडव्या पट्ट्या, मधे एक तिरकी. तिरकी नसेल तर दार आपल्याच वजनाने झुकतं. दार काटकोनात बसलं का बघायला दोन्ही कर्ण मोजले. सारखे! परत मोजले. सारखे! यांना बोलावून दाखवले. ‘बरं मग?’ म्हणाले. या घरात कर्णाची किंमत कोणाला नाही.

११ फेब्रुवारी

गोंद वाळतोय. हात लावायचा नाही. हात लावायचा नाही!

१३ फेब्रुवारी

रूळ बसवायला भिंतीला लेव्हल लावली आणि हसू आलं. घर बांधणाऱ्याने काय डोळे मिटून बांधलं होतं का? एका कडेकडून दुसऱ्या कडेला जमीन चांगली बोटभर उतरते. नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतील, पण इथे अंगण खरंच वाकडं आहे. रूळ लेव्हलला धरला, जमिनीचं ऐकलं नाही. आधी भिंतीत जाड लाकडी पट्टी, मग तिच्यावर रूळ. हे स्टूल धरून उभे राहिले, आपणहून. धूळ सगळी यांच्या डोक्यावर. एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले. बरे दिसत होते.

१५ फेब्रुवारी

चढलं! दार रुळावर चढलं!

एका बोटाने सरकतं. आवाज म्हणाल तर मांजर चालल्याचा. रुळाच्या दोन्ही टोकांना चाकं अडवणारे स्टॉपर, खाली जमिनीला छोटी खाच, म्हणजे दार झुलत नाही. मधाच्या रंगाचं पॉलिश, लोखंडी मूठ, पितळेची कडी. यांनी पाच-सहा वेळा उघडलं, लावलं. ‘आवाजच नाही ग!’ म्हणाले. एवढ्या वर्षांत यांच्याकडून मिळालेलं सगळ्यांत लांबलचक कौतुक.

उद्या जाऊबाईंना दाखवणार. एजंटाला म्हणावं, बस आता.

१६ फेब्रुवारी

सगळं मुसळ केरात.

त्यांना त्यांच्या बाजूला उभं राहायला सांगितलं. इकडून मी दार सरकवलं, एखादा पडदा उघडावा तसं. त्या काठीवर दोन्ही हात ठेवून बघत होत्या.

‘आता लाव.’

लावलं.

 पलीकडून, ‘मी कशी उघडू?’

‘हाक मारा ना ताई! मी आहेच की इथे.’

‘आणि कडी?’

‘आहे ना, पितळेची! इकडे, माझ्या बाजूला.’

‘हे पेन्सिलीचे आकडे कसले लिहिलेत इथे?’

‘मापं ती, फळ्यांची.’

‘म्हणजे प्लायवूडच की. फक्त चाकं लावलेलं,’ म्हणाल्या आणि काठी टेकत आत निघून गेल्या. काठीचा आवाज मात्र दारातून स्वच्छ ऐकू आला.

१७ फेब्रुवारी

करायला गेलो एक! नाही बोलणार मी त्यांच्याशी.

१८ फेब्रुवारी

राग धरून बसणं मला जमत नाही, कामं पडून राहतात. गेटमधून बाहेर पडले, वळसा घालून त्यांच्या घरी गेले. त्या डॉक्टरकडे जायला निघाल्या होत्या, रिक्षा दारात. ‘किल्ली कुंडीखाली ठेव,’ एवढं बोलल्या.

त्यांच्या खुर्चीत बसून दाराकडे पाहिलं. अरे देवा. इकडून काय दिसतं? आडव्या पट्ट्या, तिरकी पट्टी, स्क्रूची डोकी, गोंदाचे ओघळ आणि माझे आकडे. मूठ नाही, कडी नाही, काही नाही.

फ्रेमांच्या धंद्यातली सवय नडली. फ्रेमची पाठ नेहमी भिंतीकडे जाते. तिच्यावर आकडे लिहा, खिळे वाकवा, गिऱ्हाईक बघत नाही. तेच मी दाराचं केलं, हात आपोआप तसेच चालले. पण या भिंतीपलीकडे माणूस राहतं! आणि त्या माणसाने मला हाक मारून, परवानगी घेऊन यायचं? मला कोणी असं दार लावून दिलं असतं तर मी सुद्धा एजंटच बोलावला असता.

ठरलं. दार त्यांच्या भिंतीवर. रूळ, मूठ, कडी, सगळं तिकडे.

हे म्हणाले, ‘आणि वहिनी कडी लावून बसल्या तर?’

‘तर बसतील.’

‘एवढं काम वाया जाईल.’

‘कडी त्यांची, मर्जी त्यांची.’ मी अगदी ठामपणे म्हटलं. 

१९ फेब्रुवारी

रूळ उतरवला. आमच्या भिंतीला भोकंच भोकं. असू देत.

त्यांच्या बाजूला अडचण निघाली. दार सरकायला शेजारी मोकळी भिंत लागते, आणि तिथे मोठ्या दिरांचं कपाट. जाऊबाई म्हणाल्या, ‘हलव, मला काय.’ मी आणि कपाट, दोघेही जागचे हललो नाही. मग यांना हाक मारली.

हे त्या उघड्या वाटेत येऊन थांबले. भांडणानंतर या बाजूच्या घरात यांनी पाऊल टाकलेलं नाही. भाऊ गेला तेव्हाही बाहेर अंगणातच उभे होते, सगळ्यांत मागे.  जाऊबाईच म्हणाल्या, ‘चपला काढून ये, फरशी पुसलीय.’

आले. कपाटाला खांदा लावला. कपाट हललं तेव्हा मागे भिंतीवर त्याच्या आकाराचा जुना फिकट रंग दिसला, आणि हे तिथेच हात लावून थोडा वेळ उभे राहिले. हे ‘दादा’ म्हणाले की आणखी काही, मला नीट ऐकू आलं नाही. जाऊबाई पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मीही रडले, पण ड्रिल चालू करून.

२० फेब्रुवारी

चढलं, दुसऱ्यांदा! मागची बाजू घासून पुसून पॉलिश केली, आता ती आमच्याकडे. चांगला चेहरा त्यांच्याकडे. माझ्या बाजूला मूठ ठेवलीच नाही. त्यांना वाटेल तेव्हा त्या उघडतील.

जाऊबाईंनी बोट लावलं. सरकलं. ‘हलकं आहे,’ म्हणाल्या. परत लावलं. मग आतून कडीचा आवाज आला.

२१ फेब्रुवारी

बंद.

२२ फेब्रुवारी

बंद. यांचं तोंड बघवत नाही. मी म्हटलं, नवीन दाराची सवय व्हायला वेळ लागतो. उघडेल. माझं दार आहे, मी ओळखते त्याला.

दुपारी जेवताना पलीकडे काठीचा आवाज आला. दारापर्यंत आला, थांबला, परत गेला. हे घास हातात धरून बसलेले.

२३ फेब्रुवारी

उघडलं!!

मी पट्ट्या कापत होते. दार वीतभर सरकलं आणि फटीतून चष्मा दिसला. ‘दुपारची ती करवत बंद ठेवत जा. डोळा लागत नाही.’

मी म्हटलं, ‘बरं ताई.’ एवढं प्रेमाने कोणी कधी तक्रार ऐकून घेतली नसेल.

दार लावलं नाही त्यांनी. फट तशीच ठेवून गेल्या.

२४ फेब्रुवारी

आज सरळ आत आल्या. आमच्या टेबलाशी बसल्या, चहा घेतला, ‘पाणी जास्त झालंय’ म्हणाल्या आणि दुसरा कपही घेतला. यांच्याशी टाकीच्या गळतीवर बोलल्या. मी हवेतच!

उठताना म्हणाल्या, ‘परवा एजंट माणसं घेऊन येतोय घर बघायला. पक्कं करणारी आहेत म्हणे.’

म्हणजे तसंच. चहा चहाच्या जागी आणि विक्री विक्रीच्या जागी. दार करता येतं मला. माणूस थांबवता येत नाही.

२५ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. हे दिवसभर जाऊबाईंच्या बाजूला. त्यांचा नळ दुरुस्त करतायत म्हणे. यांना नळ कधीपासून दुरुस्त करता येतो?

२६ फेब्रुवारी

घर बघायला नवरा-बायको आले. मधलं दार उघडंच. मी टेबलाशी फ्रेमला काच बसवत होते, कान तिकडे. त्या बाईंनी विचारलं, ‘हे कायमचं बंद करता येईल ना?’

जाऊबाई म्हणाल्या, ‘ते दार बंद होत नाही हो. घरगुती काम. माझ्या जावेनं केलंय.’

माझ्या अंगाचा तिळपापड! तशीच उठले, तिकडे गेले, मूठ धरली आणि ओढलं. दार मधेच थांबलं. परत ओढलं. वर पाहिलं — टोकाचा स्टॉपर पार मधे आणून घट्ट आवळलेला. काठीवाल्या बाईचं हे काम नव्हे, स्टुलावर चढावं लागतं. वळून पाहिलं तर हे छताकडे बघत उभे, आणि शर्टाच्या खिशातून स्टॉपर आवळायची माझी एल-की डोकावतेय.

‘मग आम्ही भिंतच घालून घेऊ,’ तो माणूस म्हणाला.

‘भिंत घालायची असेल तर दुसरं घर बघा,’ जाऊबाई म्हणाल्या.

तो माझ्याकडे वळला. ‘खरंच बंद होत नाही का हो हे?’

मी म्हटलं, ‘नाही होत. माझंच माप चुकलं.’