पावणेपंधरावर अडलेला दंड

६ जाने. ६३, राजूर
दंड पावणेपंधरा इंच. दिवाळीतही पावणेपंधराच होता. प्रेस, म्हणजे बार डोक्यावर उचलणं, १४० पौंडावर ठप्प. यूसुफ म्हणे, "टेप खराब असंन बे." बार त्यानंच केलेला. खाणीच्या वर्कशॉपात फिटर आहे तो. कोळशाच्या टबचा, म्हणजे रुळावरच्या गाडीचा, जुना आस, त्याचीच चाकं. वर्कशॉपच्या शेडमागे रोज दोघं मिळून व्यायाम. त्याचाही दंड तेवढाच. २४ मार्चला यवतमाळची शरीरसौष्ठव स्पर्धा, दोघांची नावं दिलेली. अन् मी इथंच.

१० जाने.
बायकोच्या, कमलच्या खोकल्याचं औषध आणायला वणीले गेलतो. दवाखान्यात केळापूरचा एक जण. टायफॉइडनं नुसता सापळा झालता म्हणे, आता गाल भरलेले! नवीन इंजेक्शन आहे, मांस धरते. डॉक्टर म्हणाले, "आजाऱ्यांसाठी आहे ते." पिच्छा सोडला नाही. शेवटी तयार झाले: दर गुरुवारी एक, अशी दहा, अन् दर वेळी बी.पी. पहिलं आजच घेतलं. यूसुफले सांगतलं नाही.

२७ जाने.
पंधरा! वर एक सूत! कमलनं ब्लाउजाच्या टेपनं मोजलं. तीनदा मोजायला लावलं. "अहो, सदऱ्याची बाही उसवली ना!" उसवू दे!! खाणीच्या ऑफिसात हजेरी मांडतानाही हात वाकवून पाहत होतो.

१० फेब्रु.
सव्वापंधरा. प्रेस १५५. यूसुफ तोंडाकडे पाहतच राह्यला. "काय खाऊन राह्यला बे तू?" म्हटलं, अंडी. अंडी तर तोही खाते. वाईट वाटलं, पण बार उचलला की विसरतो.

२१ फेब्रु.
पुन्हा ठप्प. सुई चालू, टेप हलत नाही. कायले? दोन तासांचे चार केले. खांदे ठणकतात. वरणात मीठ कमी म्हणून कमलवर ओरडलो. तिनं मिठाची वाटी पुढं सरकवली, ते आणखीच...

२२ फेब्रु.
यूसुफनं बारची चाकंच काढून ठेवली. "रोज तेच, तेवढंच वजन, तेवढ्याच वेळा उचलणं. अंगाले सवय झाली. इंजिनबी थंड करा लागते बे." चार दिवस हात लावायचा नाही. मग वजन जास्त, उचलायचं कमी वेळा, एक दिवस आड. मले म्हणे बसून राह्य! बसणं जमत नाही.

३ मार्च
१६५!! दंड साडेपंधरा! यूसुफनं मले उचलून गोल फिरवलं. माह्यासाठी एवढा खूश झालेला पाहून राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. तो चाकावर बसला.
"मले काहून नाही सांगतलं?"
"तुहा दंड माह्यापुढं गेला असता म्हणून."
मग हसला. "खरं तं बोलला. गुरुवारी मलेबी घेऊन चाल."

७ मार्च
दोघं वणीले. डॉक्टरांनी माझं बी.पी. दोनदा घेतलं, मग तिसऱ्यांदा. वाढलं आहे. "बंद. आजपासून एकही नाही." यूसुफले म्हणाले, "ह्याचं पाहिलंस ना? तुला देणार नाही." बाहेर आलो तर कंपाउंडर मागोमाग. "उरलेली दोन मी टोचून देतो. सोमवारी सांगा." मी हो म्हटलं नाही. नाहीपण म्हटलं नाही. एसटीत यूसुफ खिडकीबाहेर पाहत राह्यला.

१० मार्च, रविवार
वाटत होतं, सुई बंद म्हणजे सगळं ओसरणार. तरी १६५ डोक्यावर गेलं. यूसुफ म्हणे, १७० लाव. छाती धडधडत होती, बी.पी. की भीती, कळेना. तेवढ्यात कमल शेडमागे आली, पहिल्यांदाच. यूसुफसाठी अन् माह्यासाठी डब्यात अंडी. तिच्यासमोर माघार कशी घेऊ? लावलं. डोक्याच्या वर! हात सरळ!! अन् कमलनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली! लग्नाले चार वर्षं झाली, हिले शिट्टी येते हे आज समजलं.
घरी येताना तिलेही सगळं सांगतलं. बी.पी., कंपाउंडर, सगळं. चालता चालता थांबली.
"उद्या वणीले मीबी येतो. त्या कंपाउंडरशी मीच बोलतो."
"काय बोलशील?"
सांगत नाही. मघापासून तीनदा विचारलं.