पहिलं नाव कुणाचं

परतूर,
रविवार, दुपार

प्रिय अर्पिता,

कोर्टाचा निकाल लागल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुमच्या गावच्या पुंजारामची जीप संध्याकाळी स्टँडवरून सुटते, त्याच्याजवळ देणार आहे. उद्या सकाळी मला नोकरीवर रुजू व्हायचंय. कुठे, ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढीच माझी धडपड. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तेवढी कृपा कर आणि पहिल्यापासून वाच. मी फार घाबरलेय गं, आणि खरं सांगू का, या वेळी जिल्हा परिषदेच्या साहेबांना नाही, तुला घाबरलेय.

आरोग्यसेविका म्हणून निवड झाली त्या दिवशी जालन्याच्या बाजारात आपण एकसारख्या साड्या घेतल्या होत्या, आठवतं? दुकानदार म्हणाला, सख्ख्या बहिणी का? तू बेधडक हो म्हणालीस. नेमणूक झाली, मेडिकल झालं, कागद तपासून झाले. फक्त कोणत्या उपकेंद्रात जायचं तेवढा हुकूम यायचा होता, आणि तो दीड वर्ष आलाच नाही. गल्लीतले लोक आधी पेढे मागायचे, मग विचारायला लागले, "काय मॅडम, सुट्टीवर का?" तुमच्या गावच्या उपकेंद्राला कुलूप होतं. शेजारच्या उषाबाई घनसावंगीच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाल्या. तू धावत जाऊन नाळ कापलीस आणि रात्री मला फोन करून रडलीस. नर्स गावात, पण सरकारच्या हिशेबी कुठेच नाही! त्या रात्री तूच म्हणाली होतीस की आता कोर्टात गेल्याशिवाय न्हाई जमायचं.

संभाजीनगरला वकीलसाहेबांच्या ऑफिसात आपण तिघी बसलो होतो, तू, मी आणि वाटूरची दैवशाला. त्यांनी विचारलं, याचिकेत पहिलं नाव कुणाचं टाकू? खटला त्याच नावानं ओळखला जातो, बाकीच्या 'व इतर'. दैवशाला पदराचं टोक पिळायला लागली, तू भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलीस. माझी जीभ लांब, मी म्हणाले, माझं टाका. घरी आल्यावर आई म्हणाली, "तुलाच का गं पुढं पुढं करायचं असतंय? ज्यांच्याशी भांडून राह्यली, त्यांच्याच हाताखाली नोकरी करायची हाये ना?" मी मोठ्या ऐटीत उत्तर दिलं. मग न्हाणीघरात जाऊन उलटी केली. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

त्यानंतर एकेकीला जिल्हा परिषदेच्या ऑफिसातून बोलावणं आलं. दैवशालाच्या नवऱ्यानंच तिचं नाव काढायला लावलं. तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं तुझ्या दादांना, आमच्या काकासाहेबांनाच काही झालं. तू म्हणालीस, "ज्योत्स्ने, माझं नाव काढून टाक. दादांना अर्धांग झाल्यापासून त्यांना सोडून कुठं जाऊ? गप बसलं तर आपल्याच गावचं उपकेंद्र देतो म्हणलेत." तुझ्या जागी मी असते तर मीही गप्प बसले असते. फक्त त्या दिवसापासून माझ्यामागे 'व इतर' उरलं नाही. अनोळखी नंबर दिसला की मी फोन उशीखाली सारायचे. एकदा ऑफिसातले एक गृहस्थ स्टँडवर भेटले, नुसतं घराचा पत्ता तोच आहे ना, एवढं विचारलं. नेमणूकच रद्द करतील या भीतीनं मी कितीतरी दिवस जेवले नाही.

कोर्टात मात्र सगळं पंधरा मिनिटांत झालं. न्यायाधीशांनी पलीकडच्या वकिलांना विचारलं की जागा रिकाम्या, नेमणुका झालेल्या, मग या बाई घरी का? ते म्हणाले, प्रक्रिया सुरू आहे. शिवाय बाकीच्या उमेदवारांची काही तक्रार नाही. तुझं गप्प बसणं त्यांनी माझ्याविरुद्ध उभं केलं होतं, आणि तुला त्याचा पत्ताही नव्हता. न्यायाधीश म्हणाले, तक्रार केली नाही म्हणजे अन्याय झाला नाही असं होत नाही. नेमणूक देऊन माणसाला कारण न सांगता ताटकळत ठेवणं ही मनमानी आहे. चार आठवड्यांत मला जागा द्या असा हुकूम झाला. पण फक्त मला, कारण समोर मी एकटीच होते. आनंद झाला गं, खोटं कशाला बोलू. बाहेर येऊन दोन कप चहा प्यायले, एक तुझ्या नावाचा.

शिक्षा म्हणून मला लांब कुठेतरी फेकतील याची तयारी मी मनाशी केली होती. आईनं तर स्टोव्हसुद्धा बांधून ठेवला होता. परवा हुकूम घ्यायला गेले तर साहेब हसून म्हणाले, "जवळच दिलंय तुम्हाला. मैत्रिणीचंच गाव आहे ना?" अर्पिता, तुझं उपकेंद्र त्यांनी मला दिलंय. आपण दोघींनी एकमेकींचं तोंड पाहू नये, म्हणून. उद्या रुजू झाले नाही तर जागा जाते आणि निकालही वाया जातो. झाले तर तुमच्या गावात मी तुझी भाकरी हिसकावणारी परकी पोरगी. त्यात कोण, कुठली, कोणत्या घरची, हे लोक विचारतीलच. तू कधी विचारलं नाहीस. मी रुजू होतेय, पण ती जागा तुझी म्हणूनच धरून ठेवणार आहे. वकीलसाहेब म्हणतात, तू याचिका केलीस तर माझ्या निकालाच्या आधारावर तुझंही काम जल्दी होईल. तुला हुकूम कुठलाही मिळो, नियमात रस्ता सापडला की आपण जागा बदलून घेऊ, माझी सही आत्ताच घे. या वेळी याचिकेत पहिलं नाव तुझं, मागच्या बाकावर मी बसते. उद्या उपकेंद्राचं कुलूप काढायच्या आधी काकासाहेबांचं बीपी बघायला येईन. नर्सिंगला असताना होस्टेलात मारायचे तशी एकच हाक मारीन. दार उघडलं नाहीस तर कुलपाची किल्ली माझ्या हातून फिरायची नाही, अर्पिता.

भ्यालेली, पण तुझीच,
ज्योत्स्ना